जुन्या आंबाकलमांची छाटणी आणि विजेची करवत

कोकणात पावसाळा ओसरून कातळावरील गवत पिवळे पडू लागले, की आंबा बागाईतदार आपल्या कलमांखाली उभा राहून वर पाहू लागतो. आजोबांनी दहा-दहा मीटर अंतरावर लावलेली कलमे नातवाच्या कारकिर्दीत एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी असतात. आतल्या फांद्यांना ऊन मिळत नाही, वारा खेळत नाही. मोहोर येतो तो शेंड्यावर, आणि फवारणीचा तुषार तेथवर पोहोचत नाही. फळ उतरविणाऱ्या गड्याला जीव मुठीत धरून उंच चढावे लागते. झाड मोठे दिसते, सावली दाट पडते, पण पेटीच्या हिशेबात ते मागे पडत जाते. अशा बागांचे पुनरुज्जीवन छाटणीने करता येते, हे दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोंकण कृषि विद्यापीठाने व लखनौच्या केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्थेने दाखवून दिले आहे, आणि अनेक बागाईतदारांनी ते आपल्या वाडीत अनुभवले आहे.

पूर्वी हे काम कोयता, कुऱ्हाड आणि हातकरवत यांवर चाले. कोयत्याने तोडलेल्या जाड फांदीचे टोक चिंबते, साल उकलते, आणि त्या जखमेत पाणी मुरून कूज शिरते. करवतीचा छेद गुळगुळीत असतो; परंतु मांडीएवढ्या जाडीची फांदी हाताने कापायची म्हणजे अर्धा दिवस जातो, आणि झाडावर चढून ते करणारी माणसे आता गावात कमीच उरली आहेत. त्यामुळे गेल्या काही वर्षांत विजेवर चालणारी साखळी करवत वाड्यावाड्यांतून दिसू लागली आहे. यंत्र चांगले आहे. मात्र बाजारातून घरी आणल्यापासून पहिली फांदी कापेपर्यंत मधे एक रात्रही जात नाही, आणि सोबतचे इंग्रजी माहितीपत्रक खोक्यातच राहते. करवत चालविणारा बहुधा मालक नसतो. तो रोजंदारीवरचा गडी असतो, किंवा राखणीला ठेवलेला नेपाळी कामगार असतो. यंत्राचे सुख एकाचे आणि धोका दुसऱ्याचा, अशी ही वाटणी आहे. पुढील माहिती मालकाने स्वतः समजून घ्यावी, आणि ज्याच्या हाती करवत द्यायची त्याला त्याच्या भाषेत समजावून द्यावी.

या यंत्राचा जन्म विजेवरच झाला, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी १९२६ साली तयार केलेली साखळी करवत विजेच्या मोटारीवर चालणारी होती. ती उचलावयास दोन माणसे लागत. पुढे पेट्रोलचे इंजिन आले. परंतु खरी सुधारणा झाली ती साखळीच्या दात्यांत. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या १९४६ साली एका ओंडक्यात लाकूड पोखरणारी अळी निरखीत बसला. अळीचे जबडे एकदा डावीकडून व एकदा उजवीकडून लाकूड खरवडीत होते, आणि रेषेच्या आडवे-उभे ती सारख्याच सहजतेने पुढे जात होती. त्या जबड्यांच्या आकारावरून त्याने डावे व उजवे असे आलटून-पालटून बसविलेले दाते असलेली साखळी बनविली. आजच्या जवळजवळ सर्व करवतींवर तिचीच वंशावळ दिसते. आंबा बागाईतदाराला भिरूड, म्हणजे खोडकिडा, काय करतो हे सांगावयास नको. त्याच जातकुळीच्या एका किड्याने बागेला एवढी एक विद्या दिली आहे.

कोणती करवत घ्यावी

विजेच्या करवतीचे दोन प्रकार प्रचारात आहेत. एक थेट तारेवर चालणारी, दुसरी बॅटरीवर चालणारी. घराजवळच्या परड्यातील चार-सहा झाडांसाठी तारेवरची करवत स्वस्त पडते व तिला जोरही चांगला असतो. डोंगरउतारावरील, घरापासून दूर असलेल्या बागेत मात्र बॅटरीची करवतच सोयीची. तिला तार नसल्यामुळे शॉकचे व तार कापली जाण्याचे भय राहत नाही. तिच्या उणिवा म्हणजे किंमत आणि मधूनमधून बॅटरी बदलण्याचा खोळंबा. दिवसभर काम चालावयाचे असेल तर निदान दोन बॅटऱ्या हव्यात.

याशिवाय लांब दांड्याच्या टोकाला लहान करवत बसविलेले यंत्र मिळते. जमिनीवर उभे राहून तीन-चार मीटर उंचीवरील मनगटाएवढी फांदी त्याने कापता येते. बांडगूळ काढण्यासाठी तर याहून सोयीचे साधन नाही. बांडगुळाच्या फळांचा गर चिकट असतो. फुलटोच्यांसारखे लहान पक्षी ती फळे खाऊन बी दुसऱ्या फांदीवर चिकटवितात, आणि एका झाडावरचे बांडगूळ पाहता पाहता सबंध बागेत पसरते. नुसती पाने ओरबाडून ते मरत नाही. त्याची गाठ जेथे फांदीत रुजली असेल तिच्या खाली, निरोगी भागात फांदी कापावी लागते, आणि तेही फळे पिकण्यापूर्वी.

पाते, म्हणजे ज्या लांबट पट्टीभोवती साखळी फिरते ती, जरुरीपेक्षा लांब घेऊ नये. छाटणीच्या कामाला ३० ते ३५ सेंटिमीटरचे पाते पुष्कळ झाले. लांब पात्याचे टोक डोळ्यांआड राहते आणि कोठेतरी टेकते. त्यातून काय घडते ते पुढे येईलच.

तार, दाब आणि ओल

तारेवरच्या करवतीची मोटार सामान्यतः २००० वॉटच्या आसपास असते. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर ती सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेते. घरात दिव्यासाठी वापरतात तशी ०.७५ चौरस मिलिमीटरची बारीक वायर ५० मीटर लांब ओढली, तर जाण्या-येण्याच्या १०० मीटर तांब्यात सुमारे २२ व्होल्ट दाब वाटेतच खर्ची पडतो. गावाच्या टोकाला संध्याकाळी मुळातच दाब २०० व्होल्टवर आलेला असेल, तर करवतीच्या मोटारीला १८० देखील मिळत नाहीत. मोटार मंदावते, फांदीत अडते, तापते. चालविणारा अधिक जोराने दाबतो, आणि शेवटी मोटार तरी जळते किंवा वायर तरी वितळते. याच अंतरासाठी २.५ चौरस मिलिमीटरची, रबरी आवरणाची, तीन तारांची वायर वापरल्यास दाबाची तूट सुमारे ७ व्होल्टच राहते. ही वायर महाग वाटते खरी, पण मोटार पुन्हा भरून घेण्याचा खर्च तिच्याहून कमी नसतो. रिळावर गुंडाळलेली वायर पूर्ण उलगडूनच वापरावी. गुंडाळलेल्या वेटोळ्यात उष्णता साठून आवरण मऊ पडते.

वायरीला कोठेही कापडी किंवा चिकटपट्टीचा उघडा सांधा नसावा. करवतीचा प्लग व जोडवायरीचे टोक ओढल्याने सुटू नये म्हणून तेथे एक सैल गाठ देण्याची पद्धत चांगली आहे. काम करताना वायर नेहमी पाठीमागे, उजव्या खांद्यावरून मागे सोडलेली असावी. पायात व फांद्यांत गुंतलेली वायर आधी सोडवावी, मग चाप दाबावा.

ज्या बोर्डातून वीज घ्यायची त्यावर वीजगळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण असलेच पाहिजे. वीजमिस्त्री त्याला ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतात. माणसाच्या संरक्षणासाठी ३० मिलिअँपिअरला तुटणारे हवे. त्यावर एक चाचणीचे बटण असते. ते दाबल्यावर पुरवठा बंद झाला पाहिजे. काम सुरू करण्यापूर्वी रोज ही चाचणी घ्यावी. तिला दहा सेकंद लागतात. नुसता फ्यूज किंवा साधा स्विच तारा जळू नयेत म्हणून असतो. माणसाच्या अंगातून जाणारा प्रवाह त्याच्या दृष्टीने क्षुल्लक असतो, आणि तो माणूस मेला तरी फ्यूज जात नाही. करवतीच्या अंगावर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर तिचे आवरण दुहेरी आहे असे समजावे. अशा यंत्राला अर्थिंगची तार नसते, पण त्यामुळे ते पाण्यात भिजविण्यास मोकळे होत नाही. पावसात, दव पडलेल्या पहाटे, किंवा झाडांना नुकतेच पाणी घातलेल्या चिखलात तारेवरची करवत मुळीच चालवू नये. ऊन वर येऊन पाने सुकेपर्यंत थांबावे.

बागेवरून किंवा कुंपणालगत विजेच्या तारा गेल्या असतील तर प्रश्न निराळाच होतो. लांब दांड्याची करवत वीजरोधक नसते. बॅटरीची आहे म्हणून ती सुरक्षित, असा समज काही ठिकाणी आढळतो आणि तो घातक आहे. दांडा किंवा ओली फांदी तारेला टेकली तर बॅटरीचा त्यात काहीच संबंध उरत नाही. अनेक उत्पादक अशा तारांपासून निदान १० मीटर दूर राहावयास सांगतात. तारांत शिरलेली फांदी आपण कापू नये. महावितरणच्या कार्यालयास कळवावे, पुरवठा बंद करून घ्यावा, आणि ते काम त्यांच्याच माणसांकडून करून घ्यावे.

करवत हाती घेण्यापूर्वी

खांद्यावर पंचा, कमरेला लुंगी आणि पायात रबरी चप्पल हा बागेतील नेहमीचा वेष करवतीसमोर चालत नाही. अंगासरशी कपडे, पायात टाच व बोटे झाकणारे मजबूत बूट, डोक्यावर शिरस्त्राण, डोळ्यांवर चष्मा किंवा जाळी आणि हातमोजे, एवढे तरी हवे. पेट्रोलच्या करवतीपासून मांड्या वाचविण्यासाठी तंतू भरलेल्या विजारी मिळतात. साखळीत ते तंतू अडकून ती थांबावी अशी त्यांची रचना असते. विजेची मोटार मात्र अडली तरी जोर सोडत नाही. यास्तव अशा विजारीवर सर्वस्वी विसंबू नये. हे साहित्य गड्याने स्वतः आणावे अशी अपेक्षा करणे योग्य नव्हे. करवतीच्या किमतीतच ते धरावे.

झाडाकडे आधी दहा मिनिटे नुसते पाहावे. आंब्यावर ओंबिलांची घरटी असतात. कापताना ती फुटली, की शेकडो मुंग्या मानेवर व हातांवर उतरतात. चालू करवत हातात असता माणसाने एक हात सोडून मान झाडली म्हणजे काय होईल, याची कल्पना करावी. गांधीलमाश्यांचे पोळे व मोहोळ यांचीही पाहणी अशीच अगोदर करावी. खोडात जुने खिळे, पाटी अडकविलेली तार किंवा सालीत गडप झालेले कुंपण असेल तर ते शोधून काढावे. आंब्याचा चीक अंगावर उडाल्यास कातडीवर फोड येतात, म्हणून बाह्या लांब असाव्यात.

एकट्याने काम करू नये. सोबती मात्र जवळ घुटमळत राहता कामा नये. लांब दांड्याच्या यंत्रापासून १५ मीटर अंतरावर सर्वांनी राहावे, आणि फांदी उचलावयास येणाऱ्याने आधी हाक द्यावी. पेट्रोलची करवत आपल्या आवाजाने सारी वाडी सावध करते. विजेची करवत चाप सोडताच गप्प होते, आणि गप्प यंत्र निरुपद्रवी वाटू लागते. एका फांदीवरून दुसरीकडे जाताना, पानांचा गुंता साखळीतून काढताना, साखळी घट्ट करताना प्रत्येक वेळी प्लग काढावा किंवा बॅटरी बाहेर काढून खिशात ठेवावी. चापावरचे बोट उचलणे म्हणजे यंत्र बंद करणे नव्हे. जखमांपैकी पुष्कळशा अशा ‘बंद’ यंत्राने होऊ शकतात.

उसळी

पात्याच्या वरच्या कडेवर साखळी माणसापासून दूर धावते आणि खालच्या कडेवर माणसाकडे येते. म्हणून खालच्या कडेने कापताना करवत लाकडाकडे ओढली जाते आणि वरच्या कडेने कापताना ती माणसाकडे ढकलली जाते. दोन्ही ओढी हाताला कळतात, सावरता येतात. परंतु पात्याच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग चालू असताना कशाला टेकला, तर दात्यांना लाकूड कापून पुढे जाण्यास वाव मिळत नाही. सारा वेग पात्यावर उलटतो आणि करवत वर व मागे, थेट चेहऱ्याच्या व मानेच्या दिशेने उसळते. साखळी सेकंदाला दहा मीटरहून अधिक वेगाने धावत असते. डोळा मिटण्याच्या आत सारे घडून जाते, आणि मजबूत मनगटाचा माणूसही ते थांबवू शकत नाही.

दाट कलमात ही उसळी येण्याची संधी पदोपदी असते, कारण कापावयाच्या फांदीमागे दुसरी फांदी दडलेली असते. टोकाने कधीही कापू नये. पात्याचा मोटारीजवळचा भाग फांदीला लावून, त्या ठिकाणचे खिळे लाकडात टेकवून मगच कापावे. साखळी पूर्ण वेगात आल्यावर ती लाकडाला लावावी. दोन्ही मुठी दोन्ही हातांनी, आणि डाव्या हाताचा अंगठा मुठीखालून वळवून धरावा. अंगठा वर ठेवून धरलेली मूठ उसळीत सुटते. शरीर पात्याच्या सरळ रेषेत न ठेवता किंचित डाव्या बाजूस ठेवावे. पुढच्या मुठीसमोर जी ढाल असते ती मनगटाच्या धक्क्याने पुढे पडली की साखळी थांबते. हा रोधक दररोज तपासावा, आणि ‘मध्ये मध्ये येतो’ म्हणून तो काढून टाकणाऱ्याच्या हाती पुन्हा करवत देऊ नये.

खांद्याच्या वर उचलून करवत चालविणे, एका हाताने चालविणे, आणि शिडीवर उभे राहून चालविणे या तीन गोष्टी वर्ज्य समजाव्यात. शिडीचा प्रकार विशेष सांगावयास हवा, कारण तो सर्रास घडतो. फांदी तुटून पडताच तिच्या भाराने वाकलेला उरलेला भाग हातभर वर उचलला जातो. त्यावर टेकविलेली शिडी सुटते, किंवा पडणारी फांदी झोका घेऊन शिडीच्या पायावरच येते. खाली उतरून शिडी हलविण्याचा कंटाळा असतो आणि मालक खालून म्हणतो, “एवढी एकच घे आणि उतर.” ती एकच फांदी हाताच्या टप्प्यापलीकडे असते. उंचावरचे काम दोर व पट्टा वापरून चढणाऱ्या शिकलेल्या माणसालाच द्यावे, आणि त्यानेही तेथे शक्यतो हातकरवतच वापरावी.

छेद कसा घ्यावा

जाड फांदी एकाच छेदात वरून कापली, तर ती अर्धी कापली जाताच स्वतःच्या भाराने मोडते आणि खोडाची साल हात-दोन हात सोलून नेते. यासाठी तीन छेदांची रीत आहे. पहिला छेद खोडापासून सुमारे ३० सेंटिमीटरवर, खालच्या बाजूने, फांदीच्या जाडीच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांश एवढाच घ्यावा. अधिक खोल गेल्यास फांदी मिटून पाते आत अडकते. दुसरा छेद त्याच्या किंचित बाहेर, वरून घ्यावा. फांदी स्वच्छ मोडून खाली पडते. मग उरलेला खुंट तिसऱ्या छेदाने काढावा. फांदी जेथे खोडाला मिळते तेथे सालीचा एक फुगीर कडा दिसतो. छेद त्या कड्याच्या अगदी बाहेरून घ्यावा. कडा कापूही नये आणि पुढे खुंटही ठेवू नये. जखम भरून काढणारी वाढ याच कड्यातून होते, हे अमेरिकी वनसेवेतील शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी शेकडो झाडे उभी चिरून दाखविले. खोडाला घासून केलेला सपाट छेद दिसावयास नेटका असतो, पण झाडाच्या दृष्टीने तो वाईट.

लांब दांड्याने कापताना फांदीच्या थेट खाली कधीही उभे राहू नये. दांडा जमिनीशी ६० अंशांहून अधिक उभा झाला, तर आपण फांदीखाली आलो असे समजावे. लांब फांदी शेंड्याकडून तुकड्यातुकड्यांनी कापत यावे. पळावयाची वाट मागे मोकळी ठेवावी. कोकणातल्या वाडीत त्या वाटेवर बहुधा गडगा किंवा मागच्या झाडाच्या तोडलेल्या फांद्यांचा ढीग असतो, तो आधी बाजूस करावा.

कापलेल्या जागी बोर्डो मलम लावण्याची शिफारस आहे. एक किलो मोरचूद व एक किलो चुना दहा लिटर पाण्यात, परंतु मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवू नये. उघड्या पडलेल्या खोडाला व जाड फांद्यांना चुन्याचा हात दिल्यास ती उन्हाने भाजत नाहीत. ताज्या छेदांकडे भिरूड ओढला जातो, म्हणून पुढील पावसाळ्यात भुसा पडतो का हे पाहत राहावे. आणि एक व्यवहाराची गोष्ट. आंबा हा महाराष्ट्र झाडे तोडणे (नियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीतील वृक्ष आहे. मोठ्या प्रमाणावर फांद्या उतरविण्यापूर्वी वन खात्याच्या स्थानिक कार्यालयात विचारपूस केलेली बरी. सारी बाग एकाच वर्षी न छाटता ओळीओळीने छाटावी, म्हणजे उत्पन्नही अगदीच तुटत नाही.

वादळानंतर

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली या भागांतील आंबा, नारळ व सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते किनाऱ्याला समांतर गेले. अशा वेळी रस्ते व घरे मोकळी करण्याची घाई असते, वीज नसते, आणि ज्याने कधी करवत धरली नाही तोही ती धरतो. पडलेले झाड उभ्या झाडापेक्षा अधिक धोक्याचे असते. त्याच्या फांद्या ताणलेल्या धनुष्यासारख्या दबून राहिलेल्या असतात.

ताण कोणत्या बाजूस आहे हे ओळखणे हेच येथले शास्त्र. फांदीचे एक टोक अधांतरी असेल, तर तिची वरची बाजू ताणलेली व खालची दाबलेली असते. दोन्ही टोके टेकलेली असतील, तर याच्या उलट. पहिला छेद नेहमी दाबलेल्या बाजूस, सुमारे एक तृतीयांश, आणि नंतर ताणलेल्या बाजूने हळूहळू घ्यावा. उलट केल्यास फांदी फटकन फुटून अंगावर येते. मुळासकट कलंडलेल्या झाडाचे खोड कापताच मुळांचा गड्डा पुन्हा खड्ड्यात उभा राहू शकतो. त्या खड्ड्यात कोणी, विशेषतः मुले, नाहीत हे पाहूनच कापावे. खाली पडलेली विजेची तार मृत आहे असे कधीही गृहीत धरू नये. एखाद्या घरच्या जनित्रातून उलटी वीज तिच्यात येऊ शकते.

दुखापत झालीच, तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर घट्ट दाबून धरावी व सोडू नये. हळद, चुना किंवा माती भरू नये. शॉक बसलेल्या माणसाला पुरवठा बंद करण्यापूर्वी हात लावू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डोंगरातील बागेत फोनला संपर्क कोठे मिळतो, ती जागा सकाळीच पाहून ठेवावी.

निगा

बोथट साखळी धारदार साखळीपेक्षा अधिक जखमा करते, कारण ती चालवावयास जोर लावावा लागतो आणि जोर लावलेला हात निसटतो. साखळी धारदार असता लाकडाच्या जाडसर कपच्या पडतात. पिठासारखा बारीक भुसा पडू लागला, लाकडातून धूर आला किंवा छेद एका अंगाला वळू लागला, की काम थांबवावे. चालू साखळी क्षणभर जांभ्या मातीला टेकली तरी धार जाते, म्हणून जमिनीवरची फांदी खाली लाकूड घालून उचलून घ्यावी.

धार लावण्यास गोल कानस लागते. छाटणीच्या लहान करवतींवर बहुधा असणाऱ्या ठेंगण्या बांध्याच्या साखळीला ४ मिलिमीटर जाडीची कानस चालते. तथापि माहितीपत्रकातील माप प्रमाण मानावे. बहुतेक साखळ्यांच्या दात्यांवर ३० अंशांची खूण कोरलेली असते. कानस त्या कोनात, आतून बाहेर, एकाच दिशेने फिरवावी. मागे घासू नये. प्रत्येक दात्याला सारखेच, दोन किंवा तीन हात द्यावेत. आधी एका बाजूचे सर्व दाते, मग दुसऱ्या बाजूचे. डावे दाते लांब व उजवे आखूड राहिले तर करवत वाकडी कापते, आणि उजव्या हाताने काम करणाऱ्यांच्या साखळीत हा दोष हमखास आढळतो. प्रत्येक दात्यापुढे एक लहान उंचवटा असतो. दाता किती खोल घुसावा हे तो ठरवितो. चार-पाच वेळा धार लावल्यावर तो चपट्या कानशीने किंचित खाली घ्यावा लागतो. साधारणपणे दात्याच्या धारेपेक्षा तो ०.६५ मिलिमीटर खाली असावा. उत्साहाने अधिक खाली घेतल्यास साखळी लाकूड ओरबाडू लागते व उसळी वाढते.

साखळीचा ताण बॅटरी काढून, हातमोजे घालून पाहावा. पात्याच्या मध्यभागी खालून साखळी ओढली असता तिचे आतले दात खाचेतून पूर्ण बाहेर पडू नयेत, आणि हाताने ओढून ती सहज फिरावी. कामात साखळी तापून लांबते व खाली लोंबते. तिला गरम असतानाच घट्ट केले असेल, तर काम संपताच पुन्हा सैल करावी. नाहीतर थंड होताना ती आखडून पाते व मोटारीचा दांडा यांवर ताण देते. नवी साखळी पहिल्या दिवशी अनेक वेळा ताणून घ्यावी लागते.

तेलाच्या बाबतीत काटकसर अनाठायी आहे. पाते व साखळी यांच्यासाठी निराळे, चिकटून राहणारे तेल मिळते. तेलाची टाकी बॅटरीच्या प्रत्येक बदलाबरोबर पाहावी. मोटारगाडीचे जळके तेल घालण्याचा प्रघात आहे, परंतु त्यात धातूचे कण असतात व ते झाडावर, जमिनीवर आणि माणसाच्या अंगावर उडते. खोबरेल घरचेच असल्याने काहीजण तेच वापरतात. पौषातल्या गार पहाटे पारा २४ अंशांखाली गेला की खोबरेल थिजते, आणि टाकी भरलेली असूनही साखळी कोरडी फिरते. तेल येते की नाही हे पाहण्यासाठी पात्याचे टोक कोरड्या खुंटावर अगर वर्तमानपत्रावर न टेकविता थोड्या अंतरावर धरावे व करवत क्षणभर चालवावी. तेलाची बारीक रेघ उमटली म्हणजे ठीक.

आंब्याचा चीक व भुसा मिळून पात्याच्या खाचेत डांबरासारखा थर बसतो. संध्याकाळी साखळी उतरवून, ती रॉकेलच्या चिंधीने पुसून, खाच एखाद्या पातळ पट्टीने उकरावी व तेलाचे छिद्र मोकळे करावे. मोटारीचे वाऱ्याचे झरोके कोरड्या ब्रशाने झाडावेत. पाणी मारू नये. पाते परत बसविताना खालची कड वर येईल असे उलटून बसवावे, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. साखळी उलट्या दिशेने बसली नाही ना, हे दात्यांच्या धारेवरून पाहावे. वरच्या कडेवर धार टोकाकडे तोंड करून असली पाहिजे.

बॅटरी पत्र्याच्या खोपीत किंवा गाडीच्या टपावर उन्हात ठेवू नये. कामावरून काढलेली गरम बॅटरी निवल्यावरच चार्जरला लावावी. फुगलेली किंवा पडून फुटलेली बॅटरी पुन्हा वापरू नये, चुलीत अगर कचऱ्यात टाकू नये. विकणाऱ्याकडे परत द्यावी. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत साखळीला आठवड्यातच गंज धरतो. म्हणून मृगापूर्वी करवत बांधून ठेवताना साखळी काढून तेलात भिजविलेल्या कापडात गुंडाळावी, टाकीतील तेल काढून घ्यावे, बॅटरी अर्धी भरलेली ठेवून यंत्रापासून वेगळी करावी, पात्यावर म्यान चढवावे, आणि सारे मुलांचा हात पोहोचणार नाही अशा कोरड्या माळ्यावर कुलपात ठेवावे. पावसाळ्यात दीड-दोन महिन्यांनी एकदा बॅटरी काढून तिचा भार पाहावा.